जामीनदार हवा म्हणून आठवण झाली!

'काय गं, विसरलीस ना मला!' कित्येक वर्षं गायब असलेल्या मैत्रिणीचा पहिला मेसेज हा! डोकंच फिरलं माझं. मी विसरले? वाढदिवसाला फोन करायचे मी, दिवाळीला मेसेज करायचे मी, आणि तिकडून नुसत्या दोन निळ्या खुणा. स्वतः नाहीसं व्हायचं आणि परत येताना दोष दुसऱ्याच्या पदरात टाकायचा, ही कुठली रीत?

डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. मेसचा एकच डबा घेऊन दोघींनी खायचा, रात्र रात्र जागून पाठांची टाचणं काढायची, तिचे तक्ते मी रंगवून द्यायचे. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले, तिचं लग्न झालं, नवऱ्याचं दुकान, मुलं. बोलणं कमी झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं संसारात बुडतात, आजारपणं येतात, कुणाशी बोलूच नये असं वाटण्याचेही दिवस असतात. अशी कुणी परत आली आणि म्हणाली, 'नाही गं जमलं बोलायला', तर मी काही न विचारता आधी चहा टाकीन.

माझा राग २०२१चा आहे. दुसऱ्या लाटेत माझी आई ऑक्सिजनवर होती. रेमडेसिव्हिरसाठी दिसेल त्या नंबरवर फोन करत होतो आम्ही. ही त्याच शहरात. 'आईला दवाखान्यात ठेवलंय, ओळखीचं कुणी असेल तर बघ ना,' असा मेसेज केला. वाचला तिने. उत्तर नाही. आई गेली तेही कळवलं. तेही वाचलं. दोन शब्द टाईप करायला काय लागतं? ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशी माणसं त्या दिवसांत दारात डबे ठेवून गेली. आणि हिच्या स्टेटसला नव्या गाडीची पूजा!

आता दोनचार मेसेज होतात न होतात तोच खरं काम बाहेर आलं. नवऱ्याला पतसंस्थेतून कर्ज काढायचंय आणि जामीनदार सरकारी पगाराचा हवाय. 'फक्त सही तर करायचीय गं.' पगाराची स्लिप, पॅन, आधार, दोन फोटो, यादीसुद्धा तयार! आईचा विषय नाही, माझी चौकशी नाही.

फक्त सही? १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ वाचा. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तिकडे हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ची वसुली जामीनदाराच्याही दारात येते, पगाराला कात्री लागते, आणि उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेलं की ही जामिनकी आडवी येते. आमच्या शाळेतल्या एका सरांचा पगार असाच कापला जातोय. ज्याच्यासाठी सही केली तो त्यांचा फोनही उचलत नाही. कॉलेजचा जिवलग मित्र होता म्हणे!

घरचे म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, गोड बोलून टाळ, नवरा नको म्हणतो असं सांग. का सांगू? नवरा काही म्हणालेला नाही. नको मी म्हणतेय, आणि का ते तिला कळलं पाहिजे. मी सरळ लिहिलं, 'मी सही करणार नाही. आई २०२१मध्ये गेली. तुला कळवलं होतं, तू वाचलंही होतंस.'

लगेच उत्तर आलं. त्या वेळी मिळालं नाही ते उत्तर आता मिनिटात आलं! 'अगं सॉरी, लक्षातच राहिलं नाही. बरं, तुझ्या शाळेत दुसरं कुणी तयार होईल का?'

नाही होणार. उद्या मधल्या सुट्टीत मी स्वतः सगळ्यांना सांगणार आहे.