नऊचे दहा

गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजारांश भागात मोजतात. पाकिटावर '9-42' असे छापलेले असेल, तर सर्वांत बारीक तार 0.009 इंचांची आणि सर्वांत जाड 0.042 इंचांची असते. '10-46' असेल, तर 0.010 आणि 0.046. म्हणजे नऊचा सेट सोडून दहाचा लावला, तर पहिली तार अवघ्या एक हजारांश इंचाने जाड होते, आणि हे माप डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या केला आणि एवढ्याशा फरकाने काय आकाश कोसळणार आहे, असे म्हणून दहाचे पाकीट खिशात घातले. 'दहा लाव, आवाजाला जरा अंग येईल,' असा धोशा आमच्या बँडमधल्या बेसवाल्याने वर्षभर लावला होता. तो स्वतःच्या तारा तीन-तीन वर्षे बदलत नाही, हे मला त्या वेळी आठवले नाही.

साधी गिटार असती तर प्रकरण अर्ध्या तासात मिटले असते. पण माझ्या गिटारला फ्लॉइड रोज पद्धतीचा ब्रिज आहे, म्हणजे तारांची खालची टोके धरणारा धातूचा भाग, आणि सूर डोलवायला त्याला एक दांडा असतो. फ्लॉइड रोज या अमेरिकन वादकाने 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात हा ब्रिज तयार केला, तो दांडा कसाही हिसडला तरी सूर हलू नये म्हणून. त्यासाठी त्याने तारांना दोन्ही टोकांना कुलपे घातली. हा ब्रिज लाकडावर बसत नाही. दोन खुंटांना आपली धार टेकवून तो अधांतरी तरंगतो. पुढून सहा तारा त्याला ओढतात, मागून गिटारच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढतात, आणि ही रस्सीखेच बरोबरीत असेल तोवरच तो सरळ राहतो. नेहमीच्या सुरात लावलेल्या नऊच्या सहा तारांचा एकूण ओढा सुमारे 38 किलो भरतो आणि दहाच्या तारांचा सुमारे 47. माझा तो किरकोळ हजारांश इंच सहा तारांत मिळून जवळजवळ दळणाच्या डब्याएवढा झाला होता.

रविवारी सकाळी दहाला बसलो. तारेच्या टोकाची पितळी गोळी पक्कडीने तोडली, उघडे टोक ब्रिजच्या चिमट्यात धरून ॲलन-कीने आवळले, आणि अशा सहाही तारा चढवल्या. जाड तार सुरात आणली. मग पाचवी, चौथी असे करत पहिलीपर्यंत पोहोचलो आणि परत जाड तार छेडली, तर ती दोन सूर खाली उतरलेली. तिला वर ओढावे, तर बाकीच्या पाच जणी उतरत. एकत्र कुटुंबात एका जावेची समजूत काढावी आणि दुसरी रुसून बसावी, तसा हा खेळ तासभर चालला. तोवर ब्रिज पुढे झुकून, शेपटी वर करून, विंचवासारखा उभा राहिला होता.

मागचे झाकण काढले. तीन स्प्रिंगा होत्या, चौथी घातली. ब्रिज आत बुडाला. स्प्रिंगा ज्या आकड्याला अडकवतात, तो धरून ठेवणारे दोन स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सैल करायचे, गिटार उलटायची, सहा तारा सुरात लावायच्या, पुन्हा उलटायची. जेवणाच्या वेळेपर्यंत मी ती इतक्या वेळा उलटली होती, की थालीपीठ असते तर करपले असते.

एवढ्यात आई डोकावली. तिने चाळीस वर्षे तंबोरा लावला आहे. ब्रिजवरच्या बारीक सुरांच्या स्क्रूंकडे बोट दाखवून तिने विचारले, "हे आमच्या मण्यांसारखेच का रे?" अगदी तसेच, असे मला कबूल करावे लागले, कुलूप लावल्यावर सूर केसभर हलवायला तेवढेच हाती उरतात. "मग आमचा तंबोरा पाच मिनिटांत लागतो, तो कसा?" तंबोऱ्याच्या पोटात स्प्रिंगा नसतात, एवढेच उत्तर मला सुचले. त्यावर ती म्हणाली, "मग तू तरी कशाला घातल्यास?"

दुपारी चारला ब्रिज सरळ झाला. मग वरच्या पट्ट्या बेसूर लागत आहेत, असे ध्यानात आले, म्हणून तारेखालचे घोडे सरकवायला घेतले. इतर गिटारींत हे काम स्क्रू फिरवून होते. इथे आधी तार सैल करायची, घोड्याचा बोल्ट ढिला करायचा, तो बोटाने अंदाजे ढकलायचा, पुन्हा सगळे आवळून ऐकायचे. सहा तारांचे सहा घोडे, आणि दर खेपेला तार सैल होताच ब्रिजचे नाक मुरडणे वेगळेच.

संध्याकाळी सातला नटवरची, म्हणजे तारांच्या वरच्या टोकाच्या पट्टीवरची, तिन्ही कुलपे आवळली आणि एक लांब सूर ओढला. बेसवाल्याचे म्हणणे खरे होते. आवाजाला अंग आले होते, फक्त माझ्या बोटांत ते पेलायचे बळ उरले नव्हते.

साडेसातला त्याचाच फोन आला. गायकाचा गळा बसला होता, त्यामुळे यापुढे सगळी गाणी अर्धा सूर खाली वाजवायची होती. अर्धा सूर उतरवला की दहाच्या तारांचा ओढा 47 वरून 42 किलोंच्या आसपास येतो, स्प्रिंगा जिंकतात आणि ब्रिज पुन्हा आत बुडतो. मी फोन ठेवला आणि झाकणाचे स्क्रू शोधू लागलो. ते अजून बसवायचेच राहिले होते.