निकालाच्या यादीवरून पोरीचा दाखला काढू नका

"तालुक्यातल्या शाळांचा दहावीचा निकाल बघा. खाजगी १०० टक्के, जिल्हा परिषदेच्या प्रशाला तळाला. फुकट पगार खाणाऱ्या प्रशाला बंद करा, लेकरं शहरात घाला." बीड जिल्ह्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय आणि तो वाचून वहिनी आठवीतल्या पुतणीचा दाखला काढायला निघाल्या आहेत.

टक्का जास्त म्हणजे शिकवणं चांगलं, हा पहिला दावा. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, २०१९ ला ७७.१० आणि २०२० ला ९५.३०. एका वर्षात सगळे गुरुजी बिघडले आणि पुढच्या वर्षी सुधारले का? २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला, भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण गेले. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५!

मला खरी चीड येते ती १०० टक्क्यांची. सगळ्या नाही, पण काही शाळा तो नववीतच तयार करतात. कच्चं लेकरू दिसलं की बापाला बोलावून सांगतात, "नापास करावं लागेल, त्यापेक्षा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा." ते पोरगं खाजगी विद्यार्थी म्हणून बसतं, नाहीतर प्रशालेत येतं. प्रशाला त्याला घेते. ते नापास झालं की टक्का प्रशालेचा घसरतो आणि ज्यांनी हाकललं त्यांच्या गेटवर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. त्यात ऊसतोडीची पोरं. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, पोरगं आजीजवळ राहतं किंवा त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर जातं आणि थेट परीक्षेला उगवतं. पट लहान असेल तर नऊ पोरांतलं एक नापास झालं की निकाल ८९ वर येतो.

गणित-विज्ञानाच्या जागा रिकाम्या राहतात, काही गुरुजी गावात राहत नाहीत, हे खरं आहे. त्यासाठी जिल्हा परिषदेत जाऊन भांडा. प्रशाला बंद केली तर मुली शहरात जाणार नाहीत, घरी बसतील आणि त्यांची लग्नं उरकली जातील.

वहिनी, तुलना करायचीच तर दोन्ही शाळांना विचारा: गेल्या वर्षी नववीच्या पटावर किती पोरं होती आणि यंदा दहावीला नियमित किती बसली? पट यू-डायसला, म्हणजे सरकारच्या शाळा-माहिती नोंदणीत भरलेला असतो, बसलेल्यांचा आकडा बोर्डाच्या शाळानिहाय निकालात असतो. ते दोन आकडे हातात येईपर्यंत दाखल्याचा अर्ज देऊ नका.