जपानच्या शाळेत शिपाई नसतो म्हणे!

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा तो काकांनी टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. मजकूर असा : जपानच्या शाळांत सफाई कामगार नसतात, संडाससुद्धा मुलंच घासतात, चौथीपर्यंत परीक्षा नाही, फक्त संस्कार, शिक्षक अर्धा तास आधी जेवून बघतात, मग मुलांना वाढतात, आणि हजेरी 99.99 टक्के. शेवटी नेहमीचा टोला, ‘आपल्याकडे हे कधी होणार?’

माझी मावसबहीण नागोयाजवळ राहते, तिची लेक तिथल्या साध्या सरकारी शाळेत तिसरीत आहे. तिला मेसेज पाठवला. म्हणाली, “अरे, यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर जास्त वैताग येतो.”

आधी सफाई. मुलं साफसफाई करतात, रोज करतात. पंधरा-वीस मिनिटं, बाक एका बाजूला सरकवून. जुन्या टॉवेलची घडी घालून शिवलेलं फडकं दोन्ही हातांनी जमिनीवर दाबायचं आणि ओणवं होऊन वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायचं. भाचीला यात शर्यत लावायला आवडतं. पण म्हणून शाळेत शिपाई नाही, हे साफ खोटं. त्यांना ‘योमुइन’ म्हणतात. मोडलेलं दार, तुंबलेलं गटार, बागेतलं गवत ही कामं त्यांची. संडास धुवायला कंत्राटी माणसं येतात अशाही शाळा आहेत. मुलांच्या वीस मिनिटांत कोणाचा पगार वाचत नाही आणि तो वाचवावा असा हेतूही नाही.

आणि आपण काय वेगळं करत होतो? आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शनिवारी वर्ग झाडायचा असे. मुली झाडायच्या, सडा घालायच्या. आम्ही मुलगे बाक उचलून दिल्यासारखं करून मैदानात पसार. जपानात गट पाडून पाळी लावतात, मुलगा-मुलगी बघत नाहीत. उचलायचं तर हे उचला. पण हाच मेसेज पुढे ढकलणारे लोक पोरांच्या हातात झाडू दिसला की बाईंचा व्हिडिओ काढून व्हायरल करतात.

आता परीक्षा. पहिलीपासून चाचण्या असतात. धडा संपला की छापील रंगीत प्रश्नपत्रिका, कांजी म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांची वेगळी. पहिल्या वर्षी 80 कांजी, सहावीपर्यंत 1026. दुसरीत पाढे, तेही घड्याळ लावून. सत्र संपलं की प्रगतिपुस्तक. गृहपाठ रोजचा : धडा मोठ्याने वाचायचा आणि आईने कार्डावर सही करायची. नसते ती सहामाही-वार्षिकसारखी परीक्षा. ती सातवीपासून सुरू होते. नापासही करत नाहीत. पण गंमत पुढेच आहे. मोठ्या शहरांत ज्यांना सातवीला चांगल्या खाजगी शाळेत प्रवेश हवा असतो, त्यांची पोरं ‘जुकू’ला, म्हणजे क्लासला जातात. आणि त्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम साधारण तिसरी संपता संपता, फेब्रुवारीत सुरू होतो. मेसेजवाले ‘चौथीपर्यंत ताण नाही’ म्हणतात, नेमका तेव्हाच.

जेवणाचं बहुतेक खरं आहे. मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने तीस मिनिटं आधी चव घेऊन बघायची असा नियमच आहे. ती काही पंगत नव्हे, तपासणी. 1996 मध्ये साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलांना विषबाधा झाली होती, काही दगावलीही. पांढरा अंगरखा आणि टोपी घालून वाढायचं काम मुलांचंच, आठवड्याची पाळी. तो अंगरखा शुक्रवारी घरी येतो. धुवून, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा. “संस्कार तिचे, इस्त्री माझी,” बहीण म्हणते.

राहिली हजेरी. 99.99 हा आकडा हजेरीचा असूच शकत नाही. पटावर नाव असणं वेगळं. सक्तीच्या शिक्षणाच्या नऊ वर्षांत जवळजवळ प्रत्येक मुलाचं नाव कुठल्या ना कुठल्या पटावर असतं. पण वर्षात तीस किंवा जास्त दिवस शाळेत न येणाऱ्या मुलांची (आजारपण किंवा गरिबी सोडून) तिथलं सरकार वेगळी मोजणी करतं, त्याला ‘फुतोको’ असा शब्द आहे. 2023च्या शैक्षणिक वर्षात पहिली ते नववीत अशी सुमारे 3 लाख 46 हजार मुलं होती, आणि हा आकडा त्याआधी दहा-अकरा वर्षं सलग चढत आला होता.

भाचीच्या वर्गात एक बाक एप्रिलपासून रिकामा आहे. त्या मुलाचे त्या दिवसाचे कागद ती घरी येता येता त्याच्या दारातल्या टपालपेटीत टाकते. साफसफाईच्या वेळी बाकी बाकांबरोबर तोही सरकवतात, पुसतात आणि जागेवर ठेवतात.