प्रोसेसरचा मालेगाव झाला

नाशिककर माणूस पारा वाचण्यात जन्मजात तरबेज. हिवाळ्यात सकाळी पेपर उघडला की आधी निफाड किती ते बघायचं, उन्हाळ्यात मालेगाव किती ते. त्यामुळे मी स्वतःच्या हाताने जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर कोपऱ्यात प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, तापमानाचा आकडा दिसू लागला, तेव्हा मला तो लगेच समजला. नुसता कॉम्प्युटर चालू केला तरी ६२. गाड्यांच्या शर्यतीचा गेम उघडला की मिनिटाभरात १००. मालेगावलाही इतकं होत नाही.

प्रोसेसर इंटेलचा आय-५ १२४००. कागदावर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा. पण शंभर अंशांना टेकला की जीव वाचवायला तो आपणहून वेग कमी करतो. म्हणजे माझी गाडी द्वारका चौकात संध्याकाळी सात वाजता असते तशी चालायची: पुढे, थांब, पुढे, थांब.

खरं तर पहिले आठ दिवस गेम अडखळण्याचं कारण वेगळंच होतं. मॉनिटरची केबल मी गेमची चित्रं रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या पाटीला, लावली होती. पगाराएवढ्या किमतीचं कार्ड आत जावयासारखं नुसतं बसून होतं. ते कसं कळलं हे सांगत नाही.

मग सल्ले सुरू झाले. एक मित्र म्हणाला, “थर्मल पेस्ट कमी पडली असेल.” ही पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा पंखा, म्हणजे कूलर, यांच्यामधल्या बारीक फटी भरणारा चिकट लेप. कंपनीच्या कूलरच्या बुडाला ती आधीच लावलेली असते, हे मला माहीत नव्हतं. वाटाण्याएवढी पुरते, हेही नव्हतं. मी आधीच्या थरावर पुरणपोळीवर तूप सोडावं तशी सोडली होती. कूलर दाबल्यावर ती चारी बाजूंनी बाहेर आली. दुसरा मित्र म्हणाला, “कॅबिनेटचे पंखे उलटे असतील.” पंखा सुलटा कुठला आणि उलटा कुठला, हे नुसतं बघून मला कळेना, म्हणून देवघरातली उदबत्ती आणली. पुढच्या पंख्यांनी धूर आत ओढला. उत्तम. मागे धरली, तर तिथल्या पंख्यानेही आतच ओढला! म्हणजे गरम हवा बाहेर जाणार कुठून? डब्याला दोन्हीकडून फुंकर आणि आत कोंडी. आई दारात उभी होती. “कॉम्प्युटरची पूजा करतोयस?” एवढंच म्हणाली.

मागचा पंखा फिरवून बसवला. १०० चे ९७ झाले. पेढे वाटण्याइतकं हे यश नव्हतं.

तिसरा सल्ला, कॅबिनेट जमिनीवर ठेवू नकोस, खालूनही हवा लागते. मी आईचा पूजेचा चौरंग आणला आणि कॅबिनेट त्यावर चढवलं. चौरंग जरा डुगडुगत होता. इथे बाबांचा प्रवेश झाला.

बाबा ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. १९६४ मध्ये तो कारखाना मिग-२१ साठी उभा राहिला, आता तिथे सुखोई होतात. बाबांचं आयुष्य विमानांचे नटबोल्ट आवळण्यात गेलं. माझ्या कॉम्प्युटरला ते ‘डबा’ म्हणतात. त्यांनी शांतपणे जुन्या लग्नपत्रिकेची घडी करून चौरंगाच्या लंगड्या पायाखाली सारली. मग कॅबिनेटमध्ये बॅटरी मारली आणि विचारलं, “हा आतला पंखा कशावर उभा आहे?”

“बाबा, चार प्लास्टिकच्या पिना असतात. दाबल्या की बसतात.”

“किती वेळा टक वाजलं?”

मला आठवेना. पेस्ट सगळीकडे पसरल्याने मी तेव्हा घाईत होतो.

त्यांनी मदरबोर्ड बाहेर काढायला लावला आणि पाठीमागून दाखवलं. तीन भोकांतून पिनेची टोकं बाहेर डोकावत होती, चौथ्यातून काहीच नाही. कूलर एका कोपऱ्यात उचललेला, थेट चौरंगासारखा. प्रोसेसरला तो टेकला होता, पण एका बाजूनेच.

“आधी हा, मग समोरचा तिरका,” बाबा म्हणाले. “ओळीने आवळलं की एक बाजू वर येते. चाकाचे नट तरी ओळीने आवळतोस का?” मी गप्प. स्कूटरच्या चाकालाही मी कधी हात लावलेला नाही.

कापसाने जुना लेप पुसला, वाटाण्याएवढा नवा लावला. टक. टक. टक. चौथ्या वेळी बाबांनी हात वर करून मला थांबवलं, कान जवळ नेला आणि मान हलवली. टक.

गेम अर्धा तास चालवला. ७१. बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते. माझी गाडी दोनदा कठड्यावर आपटली, तर म्हणाले, “आता डब्याला दोष देऊ नकोस.”

श्रावणात सत्यनारायण आला तेव्हा आईने चौरंग परत नेला, लग्नपत्रिकेच्या घडीसकट. कॅबिनेट आता विठोबासारखं विटेवर उभं आहे. एकीवर मावेना म्हणून दोन लागल्या. आणि बाबा रोज संध्याकाळी फिरून आले की चपला काढता काढता विचारतात, “आज मालेगाव किती?”