पाटीवरचा 'ए'

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक फोटो आला आणि माझा चहा तसाच राहिला. किनाऱ्यावरच्या एका घरगुती खानावळीची पाटी. वर मराठीत 'शिनाणे', खाली इंग्रजीत 'मसल्स फ्राय'. फक्त स्पेलिंग शिंपल्याचं नाही, दंडातल्या स्नायूचं. झालं! आमचे पुण्यामुंबईचे विद्वान तुटून पडले. "बायसेप्स मिळेल का?" 27 हसरे चेहरे. मोजले मी.

अरे, ती बाई ओहोटीला खडकांवर जाऊन शिनाणे काढते, एकेकाचे धागे ओढून साफ करते, बोटं कापून घेते. तुम्ही रस्सा दोनदा मागून घेणार आणि हसणार कशाला, तर स्पेलिंगला? हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच 'छोट्या उंदरा'वरून आलेत. शिंपल्याला स्नायूचं स्पेलिंग पूर्वी खुद्द इंग्रजही लावायचे.

मला अण्णांची पाटी आठवली. राजापूरच्या बाजारात आमचं वह्या-पेनांचं दुकान. पाटीवर 'स्टेशनरी', पण 'आर'च्या आधी 'ई' हवा तिथे 'ए'. मी अकरावीला मुंबईत गेलो, गणपतीत घरी आलो आणि भर गिऱ्हाइकांत अण्णांना शिकवायला लागलो. 'ए' लिहिलं की अर्थ होतो जागचं न हलणारं. कागद-पाकिटांच्या दुकानाला 'ई' लागतो, एन्व्हलपचा 'ई'! अण्णा सुतळी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबरच आहे मग. दुकान हलतंय काय कुठं?" गिऱ्हाइकं हसली. मी धुमसत राहिलो. (तसं ते हलायचं. अर्जुना-कोदवलीचं पाणी जवाहर चौकात चढलं की सगळा माल माळ्यावर.)

कित्येक वर्षांनी कळलं, अण्णांचंच खरं होतं. युरोपात मध्ययुगात फेरीवाल्यांसारखा न फिरता एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर', आणि त्याचा माल ती स्टेशनरी. 'ए' आणि 'ई' सख्खे भाऊ. वाटण्या नंतर झाल्या.

हां, औषधाच्या चिठ्ठीत किंवा कोर्टाच्या कागदात असली चूक महागात पडते, मान्य. कुठला 'ब्रेक' दाबायचा आणि कुठल्याने मोडायचं हे पोरांना शिकवायलाच हवं. पण ते शिकवणं झालं, हे खिदळणं आहे. इंग्लंडात छापखाना आला 1476 साली. पुढे स्पेलिंगं हळूहळू गोठली, उच्चार मात्र बदलत राहिले. घोळ त्यांचा, आणि दंड आमच्या खानावळवालीने भरायचा?

बरं, याच ग्रुपवर 1 मेला 'महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा' आल्या होत्या. दीन! तेव्हा कुणी हसलं नाही. मीही अंगठा देऊन मोकळा झालो होतो.

फोटोखाली मी काहीच लिहिलं नाही. पाटीवर नंबर आहे, फोन करून त्या बाईंना हळूच सांगावं असं दुपारपर्यंत दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा फोन खाली ठेवला.

त्या गणपतीनंतर अण्णांनी मला न सांगता पेंटर बोलावला होता. दिवाळीत आलो तर 'ए'वर 'ई' चढलेला. अण्णा काही बोलले नाहीत, मीही नाही. रंग जरा वेगळा लागला होता. अजूनही पावसात पाटी भिजली की खालचा 'ए' दिसतो.