खचलेल्या डॉक्टरला हसवावे कसे: अधिष्ठात्यांसाठी काही सूचना

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात निवासी डॉक्टरांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा झाली. उपस्थिती सक्तीची. वेळ दुपारी दोनची, म्हणजे आदल्या दिवशीची इमर्जन्सी आणि रात्र काढून, सकाळचा राउंड उरकून माणूस भिंतीला टेकला की झोपतो, बरोबर तेव्हाची. वक्त्यांनी डोळे मिटायला सांगितले, आम्ही मिटले. पाच मिनिटांनी ते म्हणाले, आता सावकाश उघडा. निम्म्या सभागृहाने ते ऐकलंच नाही. वक्ते गहिवरले. इतक्या लवकर ध्यान लागलेला वर्ग त्यांनी म्हणे कुठेच पाहिला नव्हता.

मीही भारावले. तुम्ही एखाद्या सरकारी मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता, अधीक्षक, गेला बाजार विभागप्रमुख असाल आणि आपल्या रेसिडेंटांच्या मनःस्वास्थ्याची तुम्हाला काळजी वाटत असेल, तर माझ्या अल्प अनुभवातून काही सूचना करते.

सुरुवात कार्यशाळेनेच करा. वक्ता बाहेरचा आणा, शक्यतो जन्मात कधी नाइट न केलेला. हजेरी बायोमेट्रिक घ्या, आनंदाची नोंद राहते. बॅनरवर आधी मंत्री, मग सचिव, मग संचालक, मग तुम्ही. डॉक्टरांसाठी जागा उरली तर कोपऱ्यात स्टेथोस्कोपचं चित्र टाका. जे ऑपरेशन थिएटरमध्ये अडकले म्हणून आले नाहीत त्यांना कारणे दाखवा नोटीस द्या. ताण घालवण्याच्या कार्यक्रमाला दांडी मारणारा माणूस मुळातच नकारात्मक असतो.

तासांचा विषय निघू देऊ नका. केंद्र सरकारने १९९२ साली कळवलं होतं की रेसिडेंटकडून सलग १२ तासांच्या वर आणि आठवड्याला ४८ तासांच्या वर काम घेऊ नये. त्यात 'कामाच्या निकडीनुसार' अशी सोयही ठेवली होती, आणि निकड कुठे नसते? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ च्या नियमांत वाजवी तास काम आणि वाजवी विश्रांती, एवढंच लिहिलं. आकडा लिहायचं टाळलं. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृतिदलाने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, एक सुट्टी आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. म्हणजे बत्तीस वर्षांत आपण ४८ वरून ७४ वर आलो, आणि तरीही आमच्या ग्रुपवर हा अहवाल आला तेव्हा लोकांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. दर तिसरी रात्र ड्यूटी असेल तर सोमवारी सकाळी सुरू झालेले ७४ तास शुक्रवारच्या राउंडलाच भरतात. उरलेला आठवडा समाजसेवा समजावी.

मेस रात्री नऊला बंद करा. पारले-जीवर एमडी झालेले नामवंत प्राध्यापक आपल्यात आहेतच.

स्टायपेंड उशिरा द्या. हातात पैसा नसला की खर्चाचा ताण येत नाही.

समुपदेशन कक्ष विभागप्रमुखांच्या केबिनला लागून ठेवा आणि बाहेर ठळक पाटी लावा. मानसोपचार विभाग आपल्याच इमारतीत असतो, तिथे केसपेपर काढायला गेलेल्या रेसिडेंटला खिडकीवरचा माणूस नावाने ओळखतो. संध्याकाळपर्यंत युनिटला कळतं, सकाळपर्यंत सरांना. सर फार प्रेमाने विचारतात, 'तुला झेपेल ना ब्रँच?' त्यानंतर कुणाला काहीही होत नाही.

सुट्टी मागायला आलेल्याला 'आमच्या वेळी' हा अध्याय ऐकवा. आमच्या वेळी आम्ही तीन-तीन दिवस घरी जायचो नाही. मान्य, सर. पण तुमच्या वेळी दर दुसऱ्या पेशंटला सीटी स्कॅन करायचा नव्हता. त्यामुळे ट्रॉली धरून सीटीच्या रांगेत उभं राहावं लागत नव्हतं.

ट्रॉलीचा विषय निघालाच आहे तर व्यायामाचं सांगते. व्यायामाने मन प्रसन्न राहतं, हे कार्यशाळेत स्लाइडवर होतं. त्यासाठी जिम बांधायची गरज नाही, चतुर्थ श्रेणीची पदं रिकामी ठेवली की पुरते. रात्री दोन वाजता तीन वॉर्डांत मिळून एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असतो आणि तो बॉडी घेऊन शवागाराकडे गेलेला असतो. मग रक्त आपणच काढायचं, बल्ब म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटल्या भरायच्या, चिकटपट्टीवर नावं लिहायची आणि लॅबकडे पळायचं. लॅब दुसऱ्या इमारतीत. खिडकीवरचा म्हणतो, सॅम्पल हिमोलाइझ झालंय, म्हणजे रक्तपेशी फुटल्यात, दुसरं आणा. परत या, परत सुई टोचा. पेशंटची आई विचारते, 'मॅडम, तुम्ही शिकाऊ आहात का?' हो मावशी, शिकाऊच आहे, तीन वर्षं पळायला शिकतेय. तेवढ्यात ब्लड बँकेतून निरोप येतो की फॉर्मवर सही आहे पण शिक्का नाही. शिक्का सिस्टरच्या कपाटात, किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे. मग सीटी. लिफ्टमन दहानंतर नसतो, ट्रॉलीचं पुढचं चाक वाकडं, रॅम्पवरून ती आपोआप भिंतीकडे जाते. एका बाजूने मी ढकलते, दुसऱ्या बाजूने पेशंटचा भाचा, सलाईन धरायला शेजारच्या पेशंटचा नवरा. सीटीवाला म्हणतो, किडनीचा, क्रिएटिनिनचा रिपोर्ट कुठाय? रिपोर्ट लॅबमध्ये. लॅब दुसऱ्या इमारतीत.

आणि मी इथे असताना वॉर्डात कोण असतं? इंटर्न. चाळीस खाटा, त्यांच्यामधल्या फरशीवर गाद्या टाकून आणखी पंधरा-वीस पेशंट, आणि एक इंटर्न. त्यातला कुणी गॅस्प करायला, श्वासासाठी धडपडायला लागला तर त्याच्यापर्यंत पोचायलाच दोन जणांना ओलांडून जावं लागतं. तो गेला की नातेवाईक ओरडतात, 'डॉक्टर जागेवर नव्हते!' तुम्ही चौकशी समितीत लिहिता की आरोप निराधार आहे. निराधार नाहीये. ते खरं बोलतात. डॉक्टर जागेवर नव्हते, डॉक्टर लॅबच्या खिडकीत रक्ताचा बल्ब हातात घेऊन उभे होते, कारण त्या कामाचा माणूस निवृत्त झाल्यावर तुम्ही दुसरा नेमला नाही. पण कॉलर धरायला ते मंत्रालयात जाऊ शकत नाहीत. वॉर्डात ॲप्रन घातलेलं जे कुणी दिसतं, त्याची धरतात.

कॉलर धरली गेल्यावर काळ्या फिती वाटा. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, २०१० चा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंडाचा. त्याची पाटी कॅज्युअल्टीच्या दारात छान फ्रेम करून लावलेली असते, मारहाणीत बहुतेक काच तिचीच फुटते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागातल्या रेसिडेंटला जमावाने मारलं, त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. राज्यभरचे रेसिडेंट सामूहिक रजेवर गेले, तेव्हा त्यांनाच निलंबनाची भाषा ऐकायला मिळाली.

फारच बोभाटा झाला तर हातात झाडू द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बालकं. भेटीला आलेल्या खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतलं, कॅमेऱ्यांसमोर. या सूचनेचा लाभ कधी तुम्हालाही होऊ शकतो, म्हणून सांगून ठेवते.

१ जुलैला, डॉक्टर्स डेला, केक आणा.

विश्रांतीची खोली मात्र... इथे मला विनोद सुचत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक पदव्युत्तर विद्यार्थिनी रात्रीच्या ड्यूटीत सेमिनार रूममध्ये टेकायला गेली होती. तिथे तिच्यावर बलात्कार झाला, तिचा खून झाला. त्यानंतर आमच्याकडेही समिती आली. मुलींच्या ड्यूटी रूमला आतून कडी नाही, हे आम्ही दाखवलं. त्यांनी दाराचा फोटो काढला, अहवाल गेला असेल. कडी अजून बसलेली नाही. आम्ही आतून स्टूल लावून झोपतो. झोपतो म्हणजे आळीपाळीने. दोनशे रुपयांची कडी असते हो! आमच्यापैकी कुणीही खिशातून आणेल, पण सरकारी दाराला परस्पर भोक पाडलं म्हणून पत्र येईल या भीतीने तीही कुणी आणत नाही.

आणि तुम्ही आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवताय? चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर? व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत आम्ही रात्र-रात्र ॲम्बू बॅग, हाताने श्वास देणारी पिशवी, दाबतो, हात भरून आले की पेशंटच्या मुलाच्या हातात ती देतो आणि त्याला सांगतो, थांबू नकोस. श्वास मोजायला आम्हाला येतं. आम्ही कमकुवत नाही आहोत, आम्ही थकलो आहोत, आणि हे दोन वेगळे आजार आहेत हे तुम्हाला कळत नसेल तर तुमच्या नावापुढची डिग्री काय कामाची? तुम्ही याच वॉर्डांत शिकलात. तुम्हाला सगळं माहीत आहे. माहीत असून तुम्ही त्यावर वक्ता आणता.

पदं भरा. रात्री सॅम्पल नेणारा माणूस ठेवा. नाइटनंतरच्या दिवशी घरी जाऊ द्या, लेखी. कडी बसवा. मंजुरी मंत्रालयात अडकली आहे हे ऐकत तीन बॅचेस पास होऊन गेल्या. मग तुम्ही जाऊन बसा ना तिथे, तुम्हाला गाडी आहे, भत्ता आहे. आम्ही जाऊन बसलो की त्याला संप म्हणतात आणि मेस्माची, अत्यावश्यक सेवा कायद्याची, धमकी येते.