खुलासा: चौथ्या महिन्यात वरणाचं पाणी आणि मध, तो मेसेज चुकीचा आहे

परवा आपल्या परभणीच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मीच एक मेसेज टाकला होता: ‘उन्हाळ्यात बाळाला चौथ्या महिन्यापासून वरणाचं पाणी द्या, बोटभर मध चाटवा, अंडं मात्र वर्षभर नको.’ नीट न वाचताच पुढं ढकलला. चूक माझी.

काल भाचीच्या बाळाला डोस द्यायला गेलो, तेव्हा अंगणवाडीत सिस्टरनं समजावून सांगितलं. पहिले ६ महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. आपल्याकडं पारा ४२ वर गेला तरी बाळाला जास्त वेळा पाजलं की भागतं.

सगळ्यात धोक्याचा तो मध. त्यात बोट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू (जंतूंचं टणक, सुप्त रूप) असू शकतात, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. मध उकळला तरी ते मरत नाहीत.

आता वरणाचं पाणी. ६ महिने भरल्यावरही त्यानं नुसतं पोट भरतं, अंगी काही लागत नाही. त्यापेक्षा डाळ-भात मऊ शिजवून घोटा, इतका घट्ट की चमचा तिरका केला तरी ओघळू नये, आणि वर थोडं तूप. सुरुवात २-३ चमच्यांनी. (आमच्या भाचीच्या बाळानं पहिला घास सरळ आजीच्या लुगड्यावर उडवला!) पूर्ण उकडलेलं अंडंही ६ महिन्यांनंतर चालतं. दूध पाजणं मात्र चालूच ठेवायचं.

मावशी, काकू, ज्यांनी माझा मेसेज पुढं पाठवला असेल त्यांनी तो काढून टाका, आणि जिथं पाठवला तिथं हा टाका.